सरकारी नांगराला गोधडी

…आन् वर लोक म्हणतेत, आप्पा, तुमचं नशीब फळफळलं! कशाचं फळफळलं? अवो, निजामाचं सरकार कवा कुणाला फुकट देतंय व्हय?

चावडीवर शेतीखात्याचा साहेब आल्ता. शिपाई वरडला, 'गुरुसिद्धप्पा हाजिर हो!' मी पागोटं सावरत म्होरं झालो… औंदाचा शेतसारा तर भरला होता! साहेब म्हणला, 'बड़े मियाँ, सरकार तुमकू लोहे का नांगर देरई. मुफत!' मी हात जोडले. म्हणलं, 'सरकार, माझ्या हातून गुन्हा काय झाला?' लोक हासले. हासतेत! त्येंचं नाव कुठं पुकारलंय? साहेब जाता जाता म्हणला, 'सरकारी माल है. मैं फिर आके देखतूँ.'

झालं! आणला घरी. निळा रंग, फाळ असा चकचकीत की त्येच्यात माझंच भ्यालेलं थोबाड दिसायलं. शेजारचा मुंजाजी, जीभ न्हाई ती कातर हाय, म्हणतो, 'आप्पा, दगडाला लागून फाळ मोडला तर? सरकारी चीज! आठ एकर काळी जमीन जप्त!' आता तुमीच सांगा, असला नांगर रानात घालायचा कसा? उभा केला माजघरात. तेल लावलं. गारठ्यानं गंज चढंल म्हणून माझी गोधडी पांघरली. माझी बायकू भागम्मा कडाडली, 'माझ्या बाळंतपणात कवा घातली न्हाई अशी गोधडी! नांगराला थंडी वाजती व्हय?' म्हणलं, 'थंडी मला वाजायलीय भागम्मा, भ्यानं!' मग तिनं बी गुमान त्येला तीन बोटं विभूत लावली. निजामाचं सरकार कवा फुकट देतंय व्हय?

आन् एक दिवस शिपाई बोंबलत आला, 'साहेब सेलूहून निघालाय! ज्येनं नांगर चालवला न्हाई, त्येचं काई खरं न्हाई!' घ्या! मोडला तर जप्ती, न्हाई मोडला तर बी जप्ती! चालवल्यावानी दिसंल म्हणून चिखल फासावा म्हणलं, तर हात उचलंना… सरकारी मालावर चिखल? तवर साहेब दारात. आत आला. गोधडी वडली. फाळावर बोट फिरवलं. मुंजाजी माझ्या कानात, 'आप्पा, भाकरी बांधून घ्या. जेलातली पचायची न्हाई.' मी डोळे मिटून शिवशिव म्हणायलोय…

तर साहेबानं मला मिठीच मारली! 'या अल्ला! बड़े मियाँ, दूसरे गाँवों में किसने तोड़ डाला, किसने भंगार में बेच खाया! आठ दिन में बड़े साहब आरैं, उनको क्या दिखाऊँ बोलके मैं मर रा था! लो, एक और लो!'

मी पाय धरले. 'नको सरकार, लेकराबाळाचा धनी हाय मी!' त्येला वाटलं, म्हातारा लाजायलाय.

आता माजघरात दोन नांगर. दुसऱ्याला भागम्माची गोधडी. आमी दोघं ओसरीवर, पोत्यावर, कुडकुडत. आन् रान? रान मुंजाजीचा लाकडी नांगर मागून आणून नांगरायलोय! काल त्योच दात काढून इचारतो, 'आप्पा, बडा साहेब खुश झाला आन् तिसरा दिला तर?'

म्हणलं, 'ओसरी बी देऊ.' निजामाचं सरकार कवा फुकट देतंय व्हय? जमीन वाचली, बाबांनो… घर तेवढं जप्त झालं.