निळी शेड

कॅम्प तीनच्या शेअर रिक्षात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या.

“गयाबाई, गच्चीवरची शेड तोडायची नोटीस आली म्हणे तुम्हाला?”

“शेड आहेच कुठे! सॅटेलाइटचा फोटो बघून कंप्युटरनेच ठरवलं. निळं दिसलं की ताडपत्रीची शेड.”

“मग निळं काय होतं?”

“धुतलेल्या तीनशे जीन्स वाळत होत्या! पालिकेचे साहेब वर चढले आणि हसतच सुटले. नोटीस रद्द.”

“आणि शेजारच्या मुकेशची शेड? ती तर खरीच आहे.”

“ती कंप्युटरला मोकळी गच्ची वाटली.”

“कशी काय?”

“तिच्या पत्र्यावर राखाडी जीन्स होत्या ना.”

“त्याचाही जीन्सचा धंदा आहे?”

“छे गं, त्याचं साबणाचं दुकान. जीन्स माझ्याच. पत्र्यावर लवकर वाळतात.”