डांगर तापीचं, आड व्याह्याचा

...आणि वर म्हणतात, मास्तर हट्टी! मी हट्टी? अहो मंडळी, रीत पाळणाऱ्याला हट्टी म्हणायचं, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगतो, मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न घेऊ नये, पाणी घेऊ नये, हे माझ्या आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं, आणि मी, बुऱ्हाणपूरच्या सरकारी शाळेत पोरांना नीती शिकवणारा, पहाटे तापीच्या राजघाटावर स्नान करून रामनाम घेणारा माणूस, मी पाळायचं नाही? मुलीच्या घरचं पाणी बापाला वर्ज्य. बस्स!

आता ऐका. वैशाख. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आमच्या मालतीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे लेक माहेरी यायलाच हवी, झोक्यावर बसायलाच हवी, नाही तर गल्लीतल्या बायका आमच्या हिला वर्षभर सुखानं जगू देणार नाहीत. म्हणून मी छकड्यातून तुकईथडला निघालो, तिला आणायला. वाटेत मुक्काम केला, पुन्हा निघालो... आणि ऊन कसलं, अहो, बैल सावली पाहून उसासे टाकत होते! बरोबरचं पाणी गाडीवानानंच संपवलं. तहानलेल्याला नाही कसं म्हणावं?

पोचलो, तर ओसरीवर आमचे व्याही, कौतिकराव. केळीच्या घडासारखा भरलेला, हसतमुख माणूस. "या मास्तर, या! अवं, पानी आना कोनी!"

मी हात वर केला. म्हटलं, कौतिकराव, मुलीच्या घरचं पाणी बापाला वर्ज्य.

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की मी हसत नाही. म्हणाले, "मंग आमची बी एक रीत हाये, मास्तर. या उंबऱ्यावरून कोरड्या तोंडानं जानाऱ्या पाव्हन्यासंगं आमी सून धाडत नही. माह्या बापानं नही धाडली, मी बी नही धाडनार."

झालं! रीतीपुढे रीत उभी! आणि आत, दाराआड, ट्रंक बांधून, नवं लुगडं नेसून, माझी पोर उभी. तिच्या बांगड्या वाजल्या, तेवढंच.

तेवढ्यात आमच्या विहीणबाई, सरुबाई, पदर सावरत दाराशी आल्या. "पानी नही चालत ना? मंग पन्हं चालन."

पन्हं! मंडळी, मी माझ्या घरात पाण्याखेरीज दुसरं पेय कधी येऊ दिलेलं नाही. जिभेचे चोचले ही दारूच्या गुत्त्याची पहिली पायरी, असं मी दर एकादशीला देवळात सांगतो, तुम्हीच ऐकता! आणि तो पितळी पेला समोर आला... राखेत भाजलेली कैरी, गूळ, जिरं, वेलदोडा... नुसता वास आला आणि मी स्तब्ध झालो. ज्या उन्हानं माणूस करपतो, त्याच उन्हात त्यावरचं औषध झाडाला टांगून ठेवणारा तो कोण असेल हो?

विचारलं, "यात पाणी घातलंय?"

"घातलंय तं! नही तं काय शाई घालू?"

वर्ज्य.

मग ताक आलं. वर लोण्याचे कण तरंगतायत, जिऱ्याची पूड, किंचित हिंग. नाशवंत दुधातून घरातल्या बाईनं रवी फिरवून काढलेलं हे अमृत... पण घुसळताना पाणी? घातलेलं! वर्ज्य. मग आली ज्वारीची आंबील, रात्रभर ताकात भिजलेल्या पिठाची, लसणीच्या वासाची. वाडगाभर पिऊन गडीमाणूस दुपारपर्यंत उन्हात उभा राहतो, डोकं दुखत नाही, पोट बिघडत नाही! मूठभर ज्वारीत एवढं बळ? मी पाहतच राहिलो. पण ती शिजवलेली, म्हणजे अन्नही आणि पाणीही. दुप्पट वर्ज्य!

कौतिकराव पेटले. "दूध घ्या! निव्वळ दूध! थेंबभर पानी निघालं तं माही मिशी उतरवा!"

मी म्हटलं, "म्हैस पाणी कुठलं पिते?"

"आडाचं."

"आड कुणाचा?"

कौतिकरावांचा मिशीवरचा हात खाली आला. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "अवं, हा मानूस पोराइले काय शिकवत असन?"

हसू नका! माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ओसरीवर ते पेले ओळीनं मांडलेले, आणि मी त्यांच्यापुढे बसलेलो, देवळाचं दार बंद असताना भाविक बसावा तसा. पण मुलीच्या घरचं पाणी बापाला वर्ज्य, त्याला इलाज काय?

कौतिकराव उठले, दाराकडे तोंड करून म्हणाले, "मालती, ट्रंक सोड व पोरी."

आत ट्रंकेची कडी वाजली. तुम्हाला सांगतो, ते वाजणं मला उन्हापेक्षा जास्त लागलं. वाटलं, आता हिच्या आईला काय सांगू? धर्म राखला आणि लेक ठेवून आलो, असं?

आणि आतून आवाज आला. "मामंजी, बाबांना विचारा, तापीचं चालतं का?"

"तापीचं?" मी म्हटलं. "अगं, रोज तापीत उभा राहून अर्घ्य देतो मी! तापी काय माझ्या व्याह्याची आहे?"

"मग झालं," म्हणाली, आणि फट्‌कन आवाज झाला. पोरीनं डांगर फोडलं होतं! आपण खरबूज म्हणतो ते. तापीच्या वाळूत पिकलेलं, देडतलाईच्या बाजारातून आलेलं, व्याह्यांच्या आडाशी कसलाही संबंध नसलेलं. गर काढला, गूळ घातला, वेलदोडा घातला, रवीनं घुसळला. पाणी? घातलंच नाही, त्याचं त्यालाच सुटलं! अन्न म्हणावं, तर चूल पेटली नाही. मी सारं शास्त्र मनात धुंडाळलं. फळाबाबत शास्त्र गप्प.

शेवटचं म्हणून विचारलं, "पण आखाजीला पितरांना नैवेद्य दाखवायच्या आधीच डांगर तोंडी लावायचं?"

सरुबाई म्हणाल्या, "पितर समजून घेतात, मास्तर. तेइले बी कधी तहान लागली असनच की."

प्यालो. दोन्ही हातांनी, तीर्थासारखं. काय सांगू हो... ज्या वाळूत पाय ठेवला तर फोड येतो, त्या वाळूत हा वेल पोट टेकून पडतो, आणि त्या भट्टीत बसून एवढा गारवा गोळा करतो! कुठून आणतो? कुणासाठी आणतो? माझे डोळे भरून आले. पेला पुन्हा पुढे केला. पुन्हा केला... तेव्हा कौतिकराव म्हणाले, "मास्तर, शास्त्रात किती पेले लिवले हायेत?"

ते जाऊ द्या. लेक आली. आखाजी झाली. घरी मी आमच्या हिला सहज म्हटलं, बाजारातून डांगर आणावं म्हणतो, रस करता येतो. ही शांतपणे म्हणाली, "या घरात पाण्याखेरीज पेय नाही. नियम तुमचा आहे. एकादशीला देवळात काय सांगाल?"

बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. मी शब्द मोडणारा माणूस नव्हे. मात्र लेकीला वेळेवर सासरी पोचवणं हेही बापाचं कर्तव्यच, नाही का? म्हणून काल विचारलं, "मालती, कधी निघायचं?"

झोक्यावरून म्हणते कशी, "घाई काय बाबा? तापीला पूर येऊन जाऊ द्या, मग जाऊ गारव्यात."

पूर आला, मंडळी, की वाळूत डांगराचा वेल औषधालासुद्धा उरत नाही. पण माहेरी आलेल्या लेकीला ‘लवकर जा’ म्हणणारा बाप पाहिलाय कुणी? म्हटलं, राहा बाई, हवं तेवढं राहा.