सागाच्या बियांना कोकमाचं पुट

माझ्या सागाच्या रोपाची गंमत ऐका. सुटीआधी बाईंनी वर्गात सागाच्या बिया वाटल्या. कवच फार टणक, म्हणून रोज रात्री भिजवायच्या, दिवसा उन्हात वाळवायच्या आणि मग पेरायच्या. रुजलेलं रोप शाळेच्या प्रदर्शनात लागणार होतं. मला ते माझंच हवं होतं.

गच्चीवर आईच्या आमसुलांशेजारी माझ्या बिया वाळत होत्या. एका दुपारी बघते, तर लालभडक.

"आई, हे काय गं?"

"आमसुलांना कोकमाच्या रसाचं पुट देत होते, यांनाही दिलं. भिजवून वाळवायचंच आहे ना?"

"त्यात मीठ असतं. वाट लागली माझ्या रोपाची."

"धुऊन पेर. रडतेस कशाला?"

जूनमध्ये वर्गात एकच रोप आलं, माझं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू काय वेगळं केलंस?"

मी खाली बघत म्हटलं, "मी नाही, बाई. आईनं बियांची आमसुलं केली."