बोथट बाण

माझे भावोजी तिरकमठ्याने शिकार करायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? पन्नास सालाच्या आसपासची गोष्ट. ताई तापातून उठली होती, पण अन्नाला शिवत नव्हती. एकदाच म्हणाली, "रानकोंबडीचा रस्सा असता तर खाल्ला असता."

भावोजी मला घेऊन तळ्याकाठच्या लोहाराकडे गेले. त्याने बाणाची दोन टोकं पुढे ठेवली. "भेकराला हे रुंद पातं. कोंबडीला हे बोथट, न्हायतर मांसाच्या चिंध्या व्हतील."

भावोजींनी बोथट घेतलं.

सकाळी डोंगरात इतकं धुकं, की ढगातून चालतोय असं वाटत होतं. कोंबडी दिसलीच नाही. समोर भेकर मात्र येऊन उभं राहिलं.

मी कुजबुजलो, "भावोजी, मारा."

"या बाणानं मरायचं न्हाय ते. नुसतं दुखणं घेऊन हिंडंल."

भेकर कान हलवत आमच्याकडे बघत राहिलं आणि हळूच धुक्यात विरून गेलं.

रिकाम्या हाताने घरी आलो. ताईने विचारलं, "काय आणलंत?"

भावोजी पेजेची वाटी घेऊन तिच्याजवळ बसले आणि भेकर कसं उभं होतं ते सावकाश सांगू लागले. ऐकता ऐकता तिने वाटी संपवली.

संध्याकाळी पुन्हा पेज समोर आली, तेव्हा ती म्हणाली, "आधी भेकराचं सांगा."