खड्ड्यातला पांढरा सदरा

माझं माहेर मोरगावाकडलं, बाप मेंढरं राखायचा, मला दिलं हितं पिंपळीला, आन् बारा वर्सं झाली मी गांडूळखताच्या शेडवर काम करतेय, पाला, शेण, उसाचं पाचट समदं खड्ड्यात घालायचं आन् माती व्हायची वाट बघायची. मातीवर माझा लई भरवसा, काय सांगू तुमास्नी.

माझं मालक गेलं तवा दीर म्हणला, वयनी, कापडं नदीत सोडू. माझा जीव धजंना. पाण्यात कुठंबी वाहत जातील, त्यापरीस परड्यातल्या खताच्या खड्ड्यात घालते म्हणलं, माती हून आपल्याच वावरात ऱ्हातील. धोतर, बंडी, माझ्या बापानं दिलेलं घोंगडं, आन् त्यांचा पांढरा सदरा, बटणं लावून नीट पसरून ठेवला.

पाच-सहा म्हैन्यांनी भर दुपारी खत उकरलं. धोतर न्हाय, बंडी न्हाय, घोंगड्याच्या चार दशा उरलेल्या. सदरा मातूर तसाच. आत खत शिरून छाती फुगलेली, बाह्या पसरलेल्या, माणूस उताणा निजल्यागत, आन् छाती हालत व्हती, वर-खाली, वर-खाली. आत गांडुळं व्हती, ते मागनं कळलं. तवा माझ्या तोंडातनं निघालं, अहो.

सासू म्हणली, त्याचं कायतरी ऱ्हायलंय गं, म्हणून जाईना. नैवेद्य दावला, परत पुरला. पुढल्या बारीला परत तसाच. मग सासू रोज खड्ड्यापाशी बसायची, सोपाना, काय पायजे बाळा, म्हणायची, आन् मी कामावरनं आले की गप व्हायची. मला वाटायचं, दोघं बोलत व्हती, मी आले म्हणून थांबली.

शेवटी शेडवर शिकवायला येत्यात त्या म्याडमना सदऱ्याचा धागा दिला. त्यांनी काडी लावली, तर राख झालीच न्हाय, वितळून काळा टणक मणी झाला. म्हणल्या, मावशी, हा पलास्टिकचा धागा हाय, कापूस, लोकर माती खाती, ह्येला न्हाय खात. म्हणलं, मग पिशव्यांवर कुजणारी म्हणून लिवत्यात ते? तर म्हणल्या, त्यातल्या बऱ्याच पिशव्यांना कुजायला कारखान्यातली मोठी धग लागती, तुमच्या खड्ड्यात त्याबी तशाच ऱ्हात्यात.

घरी येऊन सांगितलं, आत्याबाई, त्यांचं काय ऱ्हायलं न्हाय, कापडच तसलं हाय. म्हातारी म्हणली, असंल. पर मग मला हाक कोन मारतंय?

मी खड्ड्यातनं सदरा काढला, धुतला, आता लुगड्यावर घालून मीच कामाला जाते, पाचट टोचत न्हाय. म्हातारीला आता नीट दिसत न्हाय. सदरा बघितला की सोपाना म्हणून हाक मारती. पयल्यांदा अंगावर काटा आला. आता मी ओ देते. देव तिला सुखानं नेवो.