चावा लपवणारी म्हातारी

नांदेडच्या दवाखान्यात, कुत्रं चावलेल्यांच्या रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. भावाच्या पिंढरीला पट्टी होती.

“दादा, झोंबीचा जुना पिक्चरच भारी होता. मेलेले कसे हळूहळू यायचे! या नव्यात तर नुसते पळून राहिलेत.”

“तनू, सुईच्या रांगेत तरी चावाचावीचं नको बोलू.”

“आन् ती म्हातारी बाहीखाली चावा लपवती, ते तर पटलंच न्हाई. जुन्यात असलं काही नव्हतं. घरच्यांपासून कुणी लपवतं का?”

“लपवतात.”

“कोण लपवतंय? असा काय बघून राहिला?”

“आईला बी चावलंय.”

“काय?”

“मला सोडवताना. मनगटाला. तिखट भरलं अन् वरून बांगड्या सारल्या. तुला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली.”

“तीन दिवस झाले की, दादा!”

“सव्वा महिन्याचं व्रत चाललंय ना. सुई टोचली की मोडतं म्हणती. अजून बारा दिवस थांब म्हणली.”

“बारा दिवस? फोन लाव. आत्ता लाव!”

भावानं फोन स्पीकरवर लावला. बाईचा आवाज आला, “शपथ मोडलीस ना, दया?”

“आई, तू ये ना इकडं.”

“व्रत सोडून? न्हाई जमायचं.”

मी हात पुढे केला. पोरानं फोन दिला.

“ताई, मीही व्रतातच आहे. आज माझी तिसरी सुई. आटो करून या, तुमची जागा धरून ठेवते.”