बसून वाजवीन

माहं गाव तिवस्याकडचं, पन जिंदगी गेली इथंच शेंदूरजनाघाटात, संत्र्याच्या बागांत, आधी मजुरी केली, मंग ट्रॅक्टर चालवला, शाळा म्हनाल तं तिसरीत गेलतो अन तिसरीतूनच निंगालो. तुमी खाली कावून बसले, बाजेवर बसा नं, आमच्या अंगनात कोनी खाली बसत नाई, अन त्याचीच गोठ सांगून राह्यलो मी तुमाले.

माहा बाप डफडं वाजवे. काय सांगू तुमाले, असा हात मी पुना आयकला नाई. पन वाजवे कुठं, तं पाटलाच्या लग्नात वरातीच्या पुढं, पोळ्याले बैलाच्या पुढं, अन उभ्यानं. डफडेवाल्यानं बसाचं नाई, असा कायदाच होता. वरात मांडवात जाये, जेवाले बसे, अन बाप बाहेर उन्हात उभा राहून वाजवतच राहे. मंग नागपूरले दीक्षा झाली, मी लहान होतो, बाप पायी गेला, तिकून आला अन त्यानं डफड्याचं कातडं फाडून काढलं. माय म्हने, आता कडं जाळता काय. बाप म्हने लाकूड चांगलं हाये, जाळू कावून, अन त्या कड्याले तारेची जाळी ठोकून मायले पिठाची चाळनी करून देली. अजून हाये, थे पाहा खुटीवर. पुढच्या लग्नसराईत पाटलाचा मानूस आला, म्हने डफडं घे अन चाल. बापानं त्याले चाळनी दाखवली, म्हने, वाजत असन तं घेऊन जा.

मले बापानं डफडं हातात कधी देलं नाई. पन थो बाजेवर बसला का बोटं थांबत नव्हती त्याची, बाजेच्या लाकडावर वाजवे, मी जवळ बसलो तं माह्या पाठीवर वाजवे. माही पाठच शिकली थे. विहारात गान्याच्या मांग ढोलकी वाजवतो मी, लय वर्सं झाले, पन डफडं नाई म्हंजे नाई.

तं मांगच्या हिवाळ्यात वरुडाहून कॉलेजचे एक प्रोफेसर आले. म्हने सुखदेवबाबा, पोर्तुगालाहून पावन्या येऊन राह्यल्या, तिथल्या खेड्यातल्या बाया, त्याईच्या गावचं जुनं वाजवनं वाजवतात, तं तुमी कॉलेजच्या गेटापासून त्याईच्या पुढं डफडं वाजवत चाला, धोतर-फेटा आमी देतो. मी म्हनलं, चालनार नाई. थे म्हने बाबा, परंपरा हाये आपली. मी म्हनलं साहेब, थे परंपरा नव्हती, हुकूम होता. मले बोलवाचं असन तं त्या बायांच्या बाजूले खुर्ची टाका, बसून वाजवीन. थे हासले, म्हने डफडं काय कोनी बसून वाजवते. मी म्हनलं मंग तुमी वाजवा उभ्यानं, मी बसून पाहतो.

अन गेलोच मी, वाजवाले नाई, आयकाले, पांढरा सदरा घालून, पह्यल्या रांगेत बसलो. बाया आल्या, डोक्याले रुमाल, आपल्या निंदाले जानाऱ्या बायांवानी. सगळ्यात म्हातारी अमेलियाबाई, तिच्या हातात चौकोनी कायतरी, मले वाटलं बाईनं बसाले उशी आनली, तं बाप्पा थेच वाद्य निंगालं! दोन्हीकून कातडं, आतून बिया खुळखुळतात, अदुफ म्हनतात त्याले, अन तिकडे बायाच वाजवतात. सगळ्या खुर्चीवर बसून वाजवत होत्या. त्याईचं बोलनं आमाले समजून सांगाले एक गोव्याची पोरगी होती. कार्यक्रम सरल्यावर मी तिले म्हनलं, बाईले विचार, बसूनच वाजवता काय. बाई म्हने बसून वाजवतो, देवाच्या जत्रेत चालत वाजवतो, आमची मर्जी. म्हने माह्या आजीले शहराचे साहेब नटवून पावन्यांसाठी दारात वाजवाले उभी करत, तं आजी म्हने बोटं दुखतात, अन साहेबाची गाडी गेली का मोप वाजवे. लय हासलो आमी. मंग मी चाळनीची गोठ सांगितली. बाई म्हने, दाखव.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दोन अदुफ घेऊन माह्या अंगनात, पोरगी संगं, प्रोफेसरबी आले. कुडाच्या पल्याड सारा मोहल्ला उभा. थंडीनं अदुफाचं कातडं ढिलं पडलं होतं, बाई उन्हात धरून बसली, तं मी म्हनलं ऊन पुरत नाई बाई, अन घरवालीनं कपाशीच्या पऱ्हाट्याचा जाळ केला. बाईनं थे जाळावर असं फिरवत शेकलं, हुबेहूब बाप शेके तसं. चाळनी घेतली, कड्यावरून हात फिरवला. मंग एक अदुफ माह्या मांडीवर ठेवलं.

तवा कुडापल्याडून शेजारचा किसन म्हने, काय गा सुखदेव, बापानं सोडलेलं धरतं काय पुना?

हात थांबला माहा. बापाचा शबूद हाये, हलका नाई. मी पाह्यलं, अंगन माहं, बाज माही, हुकूम कोनाचा नाई, अन बाई माह्या बाजूले बसली. मी म्हनलं किसन्या, बापानं उभं राहनं सोडलं होतं गा. अन वाजवलं. बापाचाच ठेका, आतल्या बियांसंगं खुळखुळत निंगाला, बाईनं दुसऱ्या अदुफावर तिचा ठेका त्यात घातला, कधी जुळे, कधी निसटे, कोन थांबते. किसन आत आला अन बाजेवरच पायथ्याकडं टेकला.

प्रोफेसर मोबाईल धरून म्हने, वा बाबा, जरा उभे राहता काय, फोटो चांगला येइन. घरवाली जाळापासून म्हने, साहेब, तुमीच बसा नं, मंग येइन चांगला. अन बसले बुवा थे, त्या सुटाबुटात, बाजेच्या कोपऱ्यावर.

यंदा पुना फोन आला प्रोफेसराचा, बाबा खुर्ची टाकतो म्हनतात. टाकतीन तवा पाहू. नाई टाकली तं हे बाज नेईन डोक्यावर, तिथं टाकीन अन बसीन. हात कापते आता, ठेका नाई कापत. तुमी सांगितल्याबरोबर उठून बाजूले बसले, बरं वाटलं मले. सुखी राहा. अन एवढं लिहा का बाप माहा उभा राहून थकला होता, आता आमी बसलो हाओत.